पाऊल आणि रेषा : सिमेंटच्या अंगणातील रंगविलेल्या रांगोळीची समीक्षा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील घरांच्या दारापुढील जमीन गेल्या दोन-तीन पिढ्यांत पार पालटली. शेणाने सारविलेल्या अंगणाची जागा आधी शहाबादी फरशीने आणि कोब्याने, पुढे सिमेंट काँक्रीटने घेतली. या पालटाबरोबर अंगणातील एका कलेचे साधनही बदलले. चिमटीतून सुटणाऱ्या शिरगोळ्याच्या पुडीऐवजी कुंचला आणि ऑइलपेंटचा डबा आला. उंबरठ्यावर तांबडा पट्टा व त्यावर पांढऱ्या-पिवळ्या वेली, पायरीवर लक्ष्मीची पावले, तुळशीवृंदावनाभोवती कमळांची महिरप, अंगणाच्या मध्यभागी ठिपक्यांच्या आराखड्यावरून रंगविलेले मोठे फूल, हे दृश्य आज खेड्यात आढळते तसेच शहराच्या उपनगरातही आढळते. दिवाळीच्या तोंडावर ही चित्रे एकदा रंगविली जातात आणि पोपडे सुटेपर्यंत तेथेच राहतात.

एवढ्या विस्ताराने घडणाऱ्या या दृश्यव्यवहाराची मराठी कलासमीक्षेने फारशी दखल घेतलेली नाही. नैमित्तिक ललित लेखनात तो येतो, तो बहुधा हळहळीचा विषय म्हणून. पूर्वीच्या स्त्रिया पहाटे उठून सडा घालीत, रांगोळी रेखीत. आता सारे 'रेडीमेड' झाले, असा या लेखनाचा सूर असतो. याच्या दुसऱ्या टोकाला गृहसजावटीची पुस्तके आहेत. त्यांना टिकाऊपणा हा निखळ गुण वाटतो. एका बाजूला क्षणिकतेचे गौरवीकरण आणि दुसऱ्या बाजूला टिकाऊपणाचे, अशी ही विभागणी आहे. दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे रंगविलेली रांगोळी ही रांगोळीच आहे; फक्त ती पुसली जात नाही. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचीच तपासणी करावयाची आहे.

परंपरेतील दोन भूमिकला

क्षणिक भूमिचित्र हीच आपली परंपरा आणि टिकाऊ भूमिचित्र ही आधुनिक विकृती, असे म्हणणाऱ्यांनी वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांची यादी पुन्हा पाहण्यासारखी आहे. तिच्यात जमिनीशी संबंधित दोन स्वतंत्र कला आढळतात. पहिली 'तण्डुलकुसुमवलिविकार', म्हणजे तांदूळ व फुले यांच्या विविध रचना; आणि दुसरी 'मणिभूमिकाकर्म', म्हणजे जडावाची भूमी तयार करणे. पहिली वाऱ्याने विस्कटणारी, दुसरी पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी. यशोधराच्या 'जयमंगला' टीकेत दुसऱ्या कलेचे प्रयोजनही दिले आहे. ही भूमी ग्रीष्मात निजण्याबसण्यासाठी करावयाची असते. टीकाकाराच्या मनात येथे पूजाविधी नाही, शरीराला मिळणारा गारवा आहे. पहिल्या कलेविषयी तो म्हणतो की, सरस्वतीच्या वा कामदेवाच्या मंदिरातील जडावाच्या भूमीवर रंगीत अखंड तांदळांनी आकृती रचाव्यात. क्षणिक आकृती टिकाऊ भूमीवरच रचली जात होती, आणि तरीही या दोन कला म्हणूनच मोजल्या जात होत्या, ही बाब लक्षणीय आहे.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथातही चित्रप्रकारांत 'रसचित्र' आणि 'धूलिचित्र' यांची नावे वेगवेगळी येतात. एक ओल्या रंगाचे, एक कोरड्या पुडीचे. माध्यमानुसार कलाप्रकार वेगळा, हा विवेक आपल्याकडे किमान नऊशे वर्षांपूर्वी होता. तो पुढे का सुटला, हा वेगळ्या लेखाचा विषय होईल. सिमेंटच्या अंगणातील चित्रांची गफलत मात्र येथूनच सुरू होते : रसचित्राच्या साधनांनी धूलिचित्राची नक्कल.

जमीन आणि रेषा

पुडीची रेषा जमिनीला हात न लावता पडते. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून सुटणारी पूड बोटभर उंचीवरून खाली येते. हाताचा वेग वाढला की रेषा बारीक होते, मंदावला की जाड. तिच्या दोन्ही कडा किंचित विखुरलेल्या असतात, आणि हा विखार सारविलेल्या जमिनीच्या खरबरीतपणात मुरतो. शेणाची जमीन ओलसर असताना गडद हिरवट-तपकिरी दिसते; त्यावर पांढरी रेषा उठते. संतवाङ्मयात सडासंमार्जन आणि रंगमाळा हे शब्द जोडीने येतात, ते केवळ स्वच्छतेच्या वर्णनासाठी नव्हे. सडा हा रांगोळीच्या माध्यमाचाच भाग होता.

सिमेंटची जमीन आली आणि हे सारे बिघडले. राखाडी पृष्ठावर पांढरी पूड फिकी दिसते. घोटलेल्या कोब्यावर ती धरत नाही, दुपारच्या झुळकीने कोपऱ्यात गोळा होते. सड्याच्या जागी नळी लावून अंगण धुणे आले, आणि ज्या पाण्याने पूर्वी रांगोळीची जमीन तयार होई तेच पाणी आता रांगोळी वाहून नेऊ लागले. ऑइलपेंटकडे वळण्यामागे आळस हे एकच कारण शोधणाऱ्यांनी हा भौतिक भाग विचारात घेतलेला नाही. सिमेंटने रांगोळी आधीच अवघड करून ठेवली होती. रंगाचा डबा त्यानंतर आला.

परंतु कुंचल्याची रेषा ही निराळी वस्तू आहे. कुंचला जमिनीला टेकतो, ओढला जातो. काँक्रीटच्या कणीदार पृष्ठावर त्याचे केस फाटतात. रेषा आरंभी भरदार आणि वीतभर अंतरावर कोरडी होते. मग कुंचला पुन्हा बुडवावा लागतो व सांधा दिसतो. म्हणून रंगविणारी व्यक्ती आधी खडूने आकृती आखते आणि मग ती भरते. पुडीच्या रांगोळीत आखणी आणि चित्र एकाच हालचालीत घडतात. येथे त्या दोन क्रिया होतात. या साधनाचे बळ भरलेल्या पृष्ठात, रुंद पट्ट्यांत, सपाट रंगांच्या शेजारणीत आहे. प्रत्यक्षात अंगणांतून जे दिसते ते याच्या उलट असते. ठिपके कायम ठेवून काढलेली बारीक वळणे, पाकळीतील छटांचा आभास, संस्कार भारती पद्धतीच्या मुक्तहस्त गालिच्यांतील पाचही बोटांच्या समांतर रेषांची कुंचल्याने केलेली नक्कल! पाच बोटांतून एका वेळी पडणाऱ्या रेषा समांतर असतात, कारण हात एक असतो. कुंचल्याने पाच वेळा ओढलेल्या पाच रेषांना तसे असण्याचे कारणच नसते, आणि त्या तशा होतही नाहीत.

रसायनशास्त्राची साक्षही येथे काढता येईल. ताज्या काँक्रीटमध्ये मुक्त चुना असतो व त्याची अल्कधर्मिता तीव्र असते. तेलाधारित रंगातील तैलघटकाशी तिची प्रक्रिया होऊन अक्षरशः साबण तयार होतो, आणि रंगाची पकड सुटते. खालून ओल चढत असेल तर क्षार वर येऊन पांढरी खार फुटते व पोपडे निघतात. काँक्रीट महिनाभर तरी पुरते मुरू देणे, पृष्ठ खरबरीत करणे, योग्य अस्तर देणे, हे सारे सहसा वगळले जाते. दिवाळी चार दिवसांवर आलेली असते. पावसाळ्यात चकचकीत ऑइलपेंट निसरडा होतो, ही गोष्टही घरातील वृद्धांना विचारावी. रंगात बारीक वाळू मिसळण्याची युक्ती उपलब्ध आहे. पण वाळूने पाकळीची कड खडबडीत होते म्हणून ती नाकारली जाते. चालण्याच्या जागेवर चालणाऱ्याच्या सुरक्षिततेपेक्षा पाकळीची कड महत्त्वाची ठरते, यातच या चित्रांचा मूळ संभ्रम दिसून येतो.

न पुसणारी रेषा

मर्ढेकरांच्या लयसिद्धान्तातील संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांच्या कसोटीवर पुडीची रांगोळी आणि तिची हुबेहूब रंगविलेली प्रत यांत फरक दाखविता येणे कठीण आहे. दोहोंचा आकृतिबंध एकच असतो. तरीही कोणत्याही मराठी घरातील माणसाला या दोन वस्तू भिन्न वाटतात, आणि हे वाटणे केवळ भावुकतेतून आलेले नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचाराच्या अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन टोकांची चर्चा केली आहे. रांगोळी ही दुसऱ्या टोकाजवळची कला आहे. तिचा अर्थ आकृतीत जेवढा असतो तेवढाच ती कोणत्या दिवशी, कोणत्या दारापुढे, कोणी काढली यात असतो.

चैत्रातील चैत्रांगण वैशाखातील अक्षय तृतीयेनंतर काढीत नाहीत. गोपद्मे चातुर्मासातच काढावयाची. लक्ष्मीची पावले आत येणारी असतात व ती एका संध्याकाळची असतात. रांगोळी ही अशी तिथी सांगणारी लिपी आहे. ऑइलपेंटमधील लक्ष्मी मार्गशीर्षात येतच असते, शिमग्यातही येतच असते. आषाढात तिच्या अर्ध्या टाचेवरचा रंग उडालेला असतो. येणे ही क्रिया वर्षभर गोठवून ठेवली की ती क्रिया राहत नाही, नक्षी होते.

याहून गंभीर बाब मौनाची आहे. घरात सुतक असेल तर दारापुढे रांगोळी काढीत नाहीत. सकाळी दारावरून जाणाऱ्याला रिकामी जमीन दिसते आणि काही विचारावे लागत नाही. न काढलेली रांगोळी हेही एक विधान असते, आणि ते करता येते ते रोज काढण्याची पद्धत असते म्हणूनच. रंगविलेल्या दाराला ही सोय उरत नाही. घरातून माणूस नेला जातो तोही पिवळ्या कमळांवरूनच, आणि दहा दिवस भेटीला येणारे लोक 'सुस्वागतम्' या अक्षरांवर चपला काढतात. जी रेषा पुसता येत नाही तिला दुःखाची बातमी देता येत नाही. रंगविलेल्या रांगोळीवरील हा आक्षेप रंगसंगतीच्या सर्व आक्षेपांहून मोठा मानावा लागेल.

हळहळणाऱ्या लेखनाशी येथवर सहमत होता येते. पुढे मात्र त्या लेखनाने एक हिशेब मांडलेला नाही. रोज पहाटे वाकून, उकिडवे बसून ही तिथीची लिपी लिहिणारी व्यक्ती कोण होती? ती लिपी वाचणारे सारे घर, सारी आळी. लिहिणारी बहुधा एकच स्त्री, तीही पाणी भरणे आणि चूल पेटविणे यांच्या मधल्या वेळेत. सकाळची गाडी गाठणाऱ्या, शाळेत वा कार्यालयात सहीच्या वेळेला हजर होणाऱ्या स्त्रीने अंगण एकदाच रंगवून टाकले, तर तिने परंपरेचा नाश केला असे म्हणण्याआधी त्या अंगणात उभ्या असलेल्या इतर सक्षम हातांची मोजणी करावयास हवी. रांगोळीच्या ऱ्हासावरील लेखनात हे हात सहसा येत नाहीत.

आणखी एक प्रचलित युक्तिवाद येथेच तपासून बाजूला ठेवावा. रांगोळीमुळे मुंग्या-पाखरांना अन्न मिळे, रंगाने ती भूतदया संपविली, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद तमिळ प्रदेशातील तांदळाच्या पिठाच्या कोलमचा आहे. विजया नागराजन यांच्या 'फीडिंग अ थाउजंड सोल्स' (२०१८) या ग्रंथाचे शीर्षकच त्या कल्पनेवर बेतलेले आहे. महाराष्ट्रात सर्वत्र चालणारी रांगोळी शिरगोळ्याच्या दगडाची पूड असते. ती मुंगी खात नाही.

पावलासाठी काढलेले चित्र

मग सिमेंटवर रंगविलेले चित्र मुळातच निकृष्ट म्हणावयाचे काय? तसे म्हणता येणार नाही. त्याचा निकष मात्र वेगळा हवा. धूलिचित्राचा पावलाशी असलेला संबंध निषेधाचा आहे. रांगोळीवर पाय पडू नये, ती ओलांडताना पदर-धोतर सावरावे, असा संकेत आहे. एक दिवसापुरते ते चित्र पावलाला अडविते, वळविते. रंगविलेली फरशी पावलाला अडवू शकत नाही, कारण ती रोजची वाट असते. तिच्यावर ॐ, स्वस्तिक, शंख, देवीची पावले रंगविणे म्हणजे पूज्य चिन्हे तुडविण्याची कायमची व्यवस्था करणे. अनेक घरांतून माणसे स्वतःच्याच पायरीवर तिरकी चालताना दिसतात, ती यामुळेच. टिकाऊ भूमिचित्र यशस्वी व्हावयाचे तर ते पाऊल गृहीत धरणारे असले पाहिजे.

अशी चित्रे अस्तित्वात आहेत, आणि त्यांतील एक उदाहरण महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेचे आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांचा ज्ञानरचनावादी प्रयोग राज्यभर चर्चिला गेला. तेथील वर्गांच्या फरशीवर अंकांच्या पट्ट्या, अक्षरांच्या चौकटी रंगविलेल्या होत्या. मुलांनी त्यांवर बसावे, खडे ठेवावेत, उड्या माराव्यात, हा हेतू होता. त्या आकृतींना सौंदर्याचा काही दावा नव्हता. तरीही रुंद रेघा, सपाट रंग, चौकटींचा ठाम भूमितीय क्रम यांमुळे त्या सिमेंटला शोभत होत्या. पुढे अनेक ठिकाणी नुसती फरशीच रंगविली गेली. अध्यापनपद्धती आली नाही, वर बाके मांडली गेली. पाऊल गेले आणि चित्राचे प्रयोजनही गेले.

दुसरे उदाहरण ढाक्याचे. एकवीस फेब्रुवारीच्या भाषाशहीद दिनासाठी तेथील शहीद मिनारचा चौथरा आणि भोवतालचे रस्ते दरवर्षी आलपनेने रंगविले जातात. ढाका विद्यापीठाच्या ललित कला विभागातील विद्यार्थी व शिक्षक हे काम करतात. आलपना ही मूळची बंगाली व्रतांतील, तांदळाच्या पिठीने बोटाने काढावयाची कला. अवनींद्रनाथ ठाकुरांनी 'बांगलार ब्रत' (१९१९) या पुस्तकात तिची चर्चा केली आहे. येथे ती रंगात, कुंचल्याने, काँक्रीट व डांबरावर येते. घरगुती व्रताची चिन्हे गळून मोठी वळणे आणि पुनरावृत्त पट्टे उरतात. या चित्रावरून लोक अनवाणी चालत जातात. पाऊल येथे चित्राचा अपमान करीत नाही. ते पावलासाठीच केलेले असते. रंग टिकाऊ असूनही चित्र दरवर्षी नव्याने काढले जाते, म्हणून तिथीही सुटत नाही. आणि ते अनेक हात मिळून काढतात, ही बाब वरील श्रमाच्या हिशेबात नोंदवावयास हवी.

घरगुती फरशीत हा विचार सर्वांत नेटकेपणाने नक्षीच्या सिमेंट टाइल्समध्ये झालेला दिसतो. मुंबईत १९२२ साली सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्स या कंपनीसारख्या कारखान्यांनी त्या येथे रुजविल्या. गोव्यातील व मुंबईतील जुन्या घरांतून त्या अद्याप पाहावयास मिळतात. धातूच्या साच्यातील कप्प्यांत रंग मिसळलेले सिमेंट ओतून, साचा उचलून, मागे कोरडा थर देऊन ती टाइल दाबयंत्रात दाबली जाते. भट्टी लागत नाही. ती पाण्यात मुरते. यातील नक्षी सिमेंटच्या अंगातच असते, वरून चढविलेली नसते. त्यामुळे पावलांनी ती झिजते, पण सोलून निघत नाही. उलट घासून तिला झळाळी येते. नक्षीही बहुधा भौमितिक वा पानाफुलांची, म्हणजे पाय पडला तरी कोणी दचकू नये अशी. मणिभूमिकाकर्माचा वारसा सांगावयाचा तर तो या टाइलला सांगता येईल.

गेरूचा चौकोन

अंगणांतून या प्रश्नाचे एक उत्तर कोणत्याही समीक्षेची वाट न पाहता आधीच तयार झालेले आहे. सिमेंटवर पांढरी पूड उठत नाही म्हणून स्त्रिया आधी गेरूचा चौकोन सारवीत आणि त्यावर रांगोळी काढीत. गेरू रोज कालवावा लागे, पावलांना लागून घरभर होई. त्याऐवजी आता काही दारांपुढे तांबड्या ऑक्साइडच्या रंगाचा एक साधा, नक्षीविरहित चौकोन कायमचा रंगविलेला आढळतो. गेरू काय आणि हा रंग काय, दोहोंचा रंगद्रव्यघटक लोहाचे ऑक्साइडच. उन्हात इतर रंग विटतात तेव्हाही तो टिकतो. सारविलेल्या जमिनीचे काम तो करतो, पांढऱ्या रेषेला पार्श्वभूमी देतो. भूमी टिकाऊ, रेषा क्षणिक, अशी ही वाटणी आहे. 'जयमंगले'तील जडावाच्या भूमीवरील तांदळांसारखीच.

कलावस्तू म्हणून पाहता या चौकोनात काही नाही. कडा सरळ, आकार जेमतेम पाट मावेल एवढा. दिवाळीत त्यावर सविस्तर रांगोळी उमटते, पौर्णिमा-संक्रांतीला चार ठिपक्यांची. घाईच्या सकाळी एखादे स्वस्तिक, नाहीतर तेही नाही. रोज काढलीच पाहिजे असा धाक त्यात उरत नाही, कारण रिकामा चौकोनही नीटनेटका दिसतो. पाय पडला तरी पूज्य असे काही तुडविले जात नाही. आणि घरात सुतक असले की तो चौकोन दहा दिवस तांबडाच राहतो, दारावरून जाणाऱ्यांना ते कळते.